तांबडी चांदी आणि अबोला

“इंदे, सांग तुह्या सासऱ्याला, भाकरी गार होऊ राहिली.”

आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या. मामांजी त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाटावर बसले होते. भाकरी त्यांच्याच ताटात होती आणि कान चांगले शाबूत होते. तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघत राहिले.

“मामांजी, भाकरी गार होतेय,” मी म्हणाले.

“सांग तुह्या सासूला, मला गारच आवडती.”

“आत्याबाई, त्यांना...”

“आयकलं. इचार त्यांना, लग्न झाल्यापासून तव्यावरची मागत व्हते, आवड कधी बदलली?”

मामांजींनी मुकाट्यानं भाकरी मोडली. मी दोघांच्या मधे पाण्याचा तांब्या धरून उभी होते. लग्न होऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. सासरी काय काय कामं अंगावर पडतात याची आईनं मला पुरेशी कल्पना दिली होती, पण तारखातं सांभाळावं लागेल हे काही तिनं सांगितलं नव्हतं. माझे यजमान ओझरला नोकरीला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. त्यामुळे त्या अबोल्यात बोलणारं माणूस म्हणजे मी एकटीच.

आता या गोष्टीला तीसेक वर्षं होऊन गेली. दोघंही आता नाहीत. पण ‘गारच आवडती’ हे मामांजींचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं. कोणी रुसून खोटं बोलायला लागलं की मुलं तेच म्हणतात.

आमचं गाव सिन्नरपासून जवळ. मामांजी म्हणजे निवृत्ती सांगळे, पंचक्रोशीत ‘दगडवाले नाना’. आत्याबाईंचं नाव गया, पण त्या नावानं त्यांना घरात कोणी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. आमच्याकडचा काळा पाषाण वरून पाहावा तर काही म्हणता काही नाही. पण विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना मधेच एखादी पोकळी लागते आणि तिच्यात पांढरे, गुलाबी, कधी नशीब असलं तर हिरवे स्फटिक निघतात. लोक त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. मामांजींना त्यांची खरी नावं माहीत होती आणि परदेशातले कोणते शौकीन त्यांच्यासाठी इथवर येतात, हेही. धंद्यापुरतं इंग्रजी ते बिनधास्त बोलत.

दगड आणायचे आणि विकायचे मामांजींनी, धुवायचे आत्याबाईंनी, अशी वाटणी होती. हे धुणं साधं नव्हे. मऊ कुंचला, बाभळीची काडी, खाचेत पाणी सोडायला डॉक्टरकडून आणलेली पिचकारी, असा सगळा सरंजाम होता. धुतलेला दगड गच्चीवर गोणपाटावर मांडायचा आणि ऊन खाऊ द्यायचं. घरात आलेला दगड आधी आंघोळ करणार, मग ऊन खाणार, मगच फळीवर बसणार. पाहुण्याला एक वेळ आंघोळीशिवाय चहा मिळेल, दगडाला या नियमातून सूट नव्हती.

आणि मी होते भूगर्भशास्त्र शिकलेली. नाशिकच्या कॉलेजात आमच्या वर्गात दोनच मुली होत्या, त्यातली मी एक. हे स्थळ आलं तेव्हा मी वडिलांना म्हटलं होतं, की मुलगा कसाही असो, घर मला पसंत आहे. मुलगाही चांगला निघाला, तो भाग वेगळा. पण ज्या फळ्यांसाठी मी जीव टाकला होता, त्यांच्याजवळ आत्याबाई मला फिरकू देईनात.

“दगडाला हात नको लावू,” पहिल्याच आठवड्यात त्यांनी बजावलं. “तुह्या पुस्तकातले दगड येगळे. हे नाजूक हायेत. एक टोक तुटलं का संपलं.”

“मी हळू धुवीन, आत्याबाई.”

“समदेच हळू धुते म्हनतात. तू भांडे घास.”

मी भांडी घासली. गच्चीवरून दगड खाली येत तेव्हा दारातून मान लांब करून बघायची. नावं मनातल्या मनात म्हणायची. रडू यायचं, पण कोणाला सांगणार? भूक लागली तर सांगता येतं, दगडाला हात लावू देत नाहीत म्हणून माहेरी निरोप कसा धाडायचा?

अबोल्याचं कारणही दगडच होता. देवघराशेजारच्या कोनाड्यात एक हिरवी होती. अपोफिलाइट तिचं नाव, पण घरात तिला सगळे नुसतं ‘हिरवी’ म्हणत. आमचीच विहीर खणताना पोकळी लागली, तोंड इतकं अरुंद की गडीमाणसांचे खांदे शिरेनात. तेव्हा तरुण असलेल्या आत्याबाई पाटीत बसून खाली उतरल्या आणि ती पदरात बांधून वर घेऊन आल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिला त्या न्हाऊ घालत, गच्चीवर ऊन दाखवत आणि पुन्हा कोनाड्यात बसवत. जर्मनीचे वर्नरसाहेब दरसाल यायचे, दरसाल तिच्यापुढे उभे राहायचे आणि दरसाल आत्याबाई आतून नुसती मान हलवायच्या. त्या मानेचा अर्थ साहेबांना जर्मनीतही कळला असता.

त्या वर्षी मामांजींनी हिरवी देऊन टाकली. आत्याबाई बाजाराला गेल्या होत्या. आल्या तर कोनाडा रिकामा.

“इचारलं का मला?” त्या म्हणाल्या.

“द्यायची व्हती, दिली,” मामांजी म्हणाले.

बस, एवढंच भांडण. त्यानंतर तारखातं सुरू झालं.

हिरवीच्या बदल्यात साहेबांनी काय दिलं, हे मला दोन दिवस कळलं नाही. एक पत्र्याची डबी, तिच्यात काळ्या फडक्यात गुंडाळलेलं आवळ्याएवढं काहीतरी, इतकंच दिसलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांजी साहेबांना घेऊन वैजापूरकडच्या खाणी दाखवायला निघाले. जीप दारात उभी होती. मी चपला पुढे ठेवल्या आणि धीर करून विचारलं.

“मामांजी, त्या डबीत काय आहे?”

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तांबडी चांदी. साहेब रूबी सिल्व्हर म्हनतो. चिली देशातली हाये.”

“प्राउस्टाइट?” मी जवळजवळ ओरडलेच.

मामांजींच्या मिश्या हलल्या. “तेच. आलो का दाखवतो तुला.” आणि ते जीपमधे चढले.

मी दारातच उभी राहिले. आमच्या कॉलेजात खनिजांचं एक काचेचं कपाट होतं. त्यात प्राउस्टाइटच्या नावाची चिठ्ठी होती आणि खण रिकामा होता. सर म्हणायचे, ही मिळणार नाही, मिळाली तरी परवडणार नाही आणि परवडली तरी या खिडकीपाशी टिकणार नाही, तेव्हा नाव पाठ करा आणि पुढे चला. आम्ही पाठ केलं होतं. चांदी, सोमल म्हणजे ते विषारी आर्सेनिक, आणि गंधक अशा तिघांच्या संगनमतातून ती बनते. जमिनीच्या पोटात खोल, खडकाच्या चिरांतून गरम पाणी वर चढत येतं, निवत जातं, आणि अगदी शेवटी, पाण्यातला सगळा ऐवज संपत आला की या लाल चांदीचे कण कडेला बसतात. चिलीच्या वाळवंटातल्या जुन्या खाणी तिच्यासाठी नावाजलेल्या, तशाच जर्मनीतल्याही काही. आपल्याकडे राजस्थानच्या जुन्या शिशा-जस्ताच्या खाणींत तिची भावंडं आहेत, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा तेव्हा दिसणारी. आमच्या दख्खनच्या पाषाणात तर ती औषधालाही नाही. आणि ती आता माझ्या सासरी, गव्हाच्या कणगीमागच्या फळीवर, डबीत होती.

मी बाजरीचा डबा डोक्यावर घेतला आणि गिरणीत गेले. त्या दिवशी मला डबा जड लागला नाही. गिरणीत लाइट गेली होती, बायका ओट्यावर गप्पा मारत बसल्या होत्या. मीही बसले आणि कोण काय बोललं ते मला एक अक्षर आठवत नाही. दळण घेऊन परतले तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं. अंगणात म्हैस धापा टाकत उभी होती आणि आत्याबाई तिला दावणीला बांधत होत्या.

“दावं तोडून पार मळ्यापोतर गेली व्हती रांड,” त्या म्हणाल्या. “जा, गच्चीवर कोनी पोरं तं नाय ना चढले, पाह्य.”

मी वर गेले. गोणपाटावर आठवड्याचे दगड मांडलेले होते. पांढरे, मोतिया, गुलाबी. त्यांच्या मधोमध काळं फडकं अंथरलेलं, आणि त्यावर एक काळसर खडा. टोकं सुरेख होती, कडा अगदी रेखीव, पण रंग म्हणाल तर चुलीतल्या विझल्या कोळशाचा. मी तो उचलला. एवढासा, पण आमच्या दगडांच्या मानानं भलताच जड. मी तो पदरात लपेटला आणि जिना उतरून खाली आले.

“आत्याबाई, हा बाहेर कोणी काढला?”

“मी. धुतला, वाळत घातला. आलेला दगड धुवायचा नाय का?” असं म्हणत त्यांनी माझा पदर बाजूला केला, खडा पाहिला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. “हा तं तांबडा व्हता गं. डाळिंबाच्या दान्यावानी व्हता सकाळी.”

“यात चांदी आहे. फोटोच्या कागदाला उजेड लागला की तो काळा पडतो ना, तसंच होतं याचं. याला ऊन चालत नाही.”

“पुन्यांदा तांबडा व्हनार नाय?”

“वरून तरी नाही.”

आत्याबाई ओसरीवर बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “चांदीच हाये ना? चिंच आन. देवाचे भांडे कसे निघतात?”

“अहो, नखानं ओरखडा उठेल इतका मऊ आहे तो. चिंचेनं घासलात तर उरलासुरलाही जाईल.”

त्यांनी चिंचेचा नाद सोडला. त्या नुसत्या खड्याकडे बघत बसल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ही बाई सुरुंगाच्या आवाजालाही दचकायची नाही.

“आता ते म्हनतील, हिनं मुद्दाम केलं,” त्या म्हणाल्या. “हिरवी दिली म्हनून दावा साधला.”

“नाही म्हणणार.”

“म्हनतील. अन् का नाय म्हनावं? मी त्यांच्या जागी असते तं मी बी म्हनले असते.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “माह्या भावाचं अन् भावजयीचं असंच झालं. म्हैस कोनी इकली यावरून बोलनं टाकलं. आधी आठ दिस, मंग वर्स, मंग सवयच लागली. एका घरात राहून मरेस्तोवर बोलले नाय. भाऊ गेला तव्हा ती रडू राहिली, अन् म्हने, शेवटचं काय बोलले व्हते तेच आठवंना. इंदे, मला तसं नाय व्हायाचं.”

तोवर मी त्या अबोल्याची मनातून मजाच घेत होते. भाकरी गार की गरम, एवढ्याचंच तर ते होतं. पण हा काळा खडा मामांजींच्या हातात पडला आणि त्यांनी ‘मुद्दाम’ हा एक शब्द उच्चारला, तर ही दोघं उरलेला जन्म माझ्यामार्फत बोलणार, हे मला लख्ख दिसलं. आणि मला त्या बाईची फार माया आली.

“मी सांगते, मी ठेवला म्हणून,” मी म्हणाले. “मला माहीत नव्हतं म्हणते.”

“तू? तू त्या शास्त्राची शिकलेली. तुह्यावर कोन इस्वास ठेवील?” त्या म्हणाल्या. मग जरा मऊ आवाजात, “अन् सा महिन्याची सून तू. आता जे तुह्या अंगाला चिकटंल ते जन्मभर निघायचं नाय. तू गप राहायचं.”

दिवस कलायच्या सुमाराला जीपचा आवाज आला. साहेब परस्पर नाशिकला गेले होते, मामांजी एकटेच उतरले. पाय धुतले, ओसरीवर बसले आणि मोठ्या खुशीत म्हणाले, “इंदे, आन ती डबी.”

मी आणली. खडा पुन्हा फडक्यात गुंडाळून आम्ही तीत ठेवला होता. लपवायचं म्हणून नव्हे, दुसरं काय करावं ते सुचलं नव्हतं. मामांजींनी झाकण काढलं, फडकं उलगडलं आणि थांबले. खडा उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला. आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामांजींनी तिकडे पाहिलं नाही. पण त्यांचा चेहरा पडला होता आणि तो राग नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही.

“इंदे,” ते म्हणाले, “इचार तुह्या सासूला...”

“मी नाही विचारणार.”

माझाच आवाज मला परका वाटला. पण एकदा तोंड उघडलं होतं, ते मिटण्यात अर्थ नव्हता.

“भाकरी-लोणच्याचं होतं तोवर मी निरोप नेले, मामांजी. हे त्यातलं नाही. हे तुम्ही त्यांना विचारा आणि आत्याबाई, तुम्ही त्यांना सांगा. मी या घरात निरोप्याच्या कामाला आलेली नाही.”

गोठ्यात म्हशीनं शेपूट आपटलं. आता आपल्याला माहेरी धाडतात की काय, असं वाटून मी घाईघाईनं पुस्ती जोडली, “आणि त्यांची काही चूक नाही. याला ऊन चालत नाही हे त्यांना माहीतच नव्हतं. तुम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं.”

“सांगितलं व्हतं,” मामांजी म्हणाले.

“कोणाला?”

मामांजींची नजर भिंतीकडे गेली.

“क्यालेंडरला,” आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या.

मी आधी यांच्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिले.

“परवा तू पान्याला गेलती,” आत्याबाई मला म्हणाल्या. “हे क्यालेंडरपुढं हुभे राहिले अन् मोठ्यानं म्हनले, त्या डबीतल्या दगडाला ऊन दावायचं नाय, नासतो. मी हितंच तांदूळ निवडू राहिली व्हते. मला सम्दं आयकू आलं. पन मला कुठं सांगितलं? सांगितलं क्यालेंडरला.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हतं.”

मी खांबाला टेकले. सबंध दुपार ज्या बाजूनं मी मनातल्या मनात वकिली केली होती, ती बाजूच कोसळली. आत्याबाईंनी उंबरा ओलांडला, ओसरीवर आल्या आणि मामांजींच्या समोर उभ्या राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

“मुद्दामच ठेवला मी त्याला उनात,” त्या थेट त्यांना म्हणाल्या. “पन नासवायला नाय ठेवला.”

“मंग कशाला ठेवला?” मामांजींनी विचारलं. तेही थेट.

“पाहायला. हिरवीला मी इतके उन्हाळे दाखवले. कधी तिचं एक टोक फिकं झालं नाय. म्हनलं, तिला देऊन ज्याला आनला तो असा कोन मोठा लागून गेला का त्याला ऊन सोसंना? घटकाभर ठेवते, पाहते, अन् घेते झाकून. तेवढ्यात म्हैस सुटली. तिच्यामागं मळ्यापोतर गेले. परत आले तव्हा तो डोक्यातून पार गेला व्हता, तं हे असं. नासवायाचा असता तं इहिरीत टाकला असता. मला काय, इहीर नवी नाय.”

मामांजींनी खडा खाली ठेवला. आता ते ‘मुद्दाम’ म्हणणार, असं मला वाटलं.

“मला बी नव्हती द्यायची हिरवी,” ते म्हणाले.

“मंग दिली कशाला?”

“हिच्यासाठी.”

त्यांनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. मी मागे वळून पाहिलं, तिथे दुसरं कोणी नव्हतं.

“दगडाचं शिकलेली पोर घरात आली,” मामांजी म्हणाले. “सा महिने झाले, भांडे घासू राहिली. दगड खाली आनले का दारातून मान काढून पाहती, मी काय पाहिलं नाय का? तू तिला हात लावू देईना. तुह्या राज्यात मी कधी तोंड घातलं नाय, आता म्हातारपनी काय घालू? म्हनलं, असा एकच दगड आनावा, जो धुवायचा कसा, ठेवायचा कुठं, ते तुला कळनारच नाय. मंग तुला हिलाच इचारावं लागंल. साहेब पैशे देत व्हता. मी हाच मागितला.”

आत्याबाई मटकन बसल्या. “मंग आधी सांगायचं नाय का?”

“सांगनारच व्हतो. तू आधी भांडली. मंग मी बी रुसलो.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं, पण त्या शिक्षणाचं पुढे काय करायचं, याचा विचार या मिशाळ माणसानं केला होता, तोही आपल्या कोनाड्यातली लक्ष्मी देऊन. आणि सहा महिने मी समजत होते, की या घरात माझ्याकडे कोणाचं लक्षच नाही.

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. असं नीट, सावकाश त्यांनी मला बहुधा पहिल्यांदाच पाहिलं.

“झालं की मंग तुमच्या मनासारखं,” त्या मामांजींना म्हणाल्या. “आज इचारलंच का मी हिला. हा पुन्यांदा तांबडा व्हनार नाय का, म्हनून.”

“अन् व्हनार नाय,” मामांजी खड्याकडे बघून म्हणाले. “असू दे. हिरवी बी गेली, हा बी गेला. आता काय कामाचा तो?”

“कामाचा आहे,” मी म्हणाले. “थांबा जरा.”

साहेबांसाठी ठेवलेले चिनीमातीचे कप फडताळात होते. मी एक आणला आणि पालथा केला. बुडाशी जिथे झिलई नसते, तिथली पांढरी खरबरीत कड वर आली. खडा मागच्या, ओबडधोबड बाजूनं धरला आणि त्या कडेवरून हलकेच ओढला. काळ्या खड्यानं रेघ काढली ती लालभडक, कुंकवासारखी.

दोघंही पुढे वाकले. मी आणखी एक रेघ काढली.

“वरचं नुसतं साल काळं झालंय,” मी सांगितलं. “अंग होतं तसंच आहे. खनिज ओळखायचं ते वरच्या रंगावरून नाही, या रेघेवरून ओळखतात. कॉलेजात आम्ही हे नुसतंच वाचलं होतं. काढून कोणीच पाहिलं नव्हतं.”

“आतून तांबडाच हाये गं,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा सगळा चेहरा उजळला होता. “मला वाटलं मी जीवच घेतला त्याचा.” आणि भान हरपून त्यांनी त्या लाल भुकटीवर बोट टेकवलं, माझी हनुवटी धरली आणि बोट माझ्या कपाळाकडे आणलं.

“अहो आत्याबाई, थांबा!” मी त्यांचं मनगट पकडलं. “सोमल आहे त्यात!”

त्यांचं बोट माझ्या कपाळापासून तांदळाएवढ्या अंतरावर थांबलं. मग त्यांनी ते हळूच मागे घेतलं आणि विंचू धरावा तसं दूर धरून बसल्या. मामांजींनी आधी तोंडावर हात ठेवला. पण हसू काही आवरेना, आणि ते खांबाला धरून असे हसायला लागले, की शेजारच्या भिंतीवरून दोन डोकी वर आली. मीही हसायला लागले, डोळ्यांतलं पाणी तसंच होतं. आत्याबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या मोरीपाशी जाऊन राखेनं बोट घासत होत्या.

“घ्या,” त्या तिथूनच म्हणाल्या. “एका दिसात दोनदा. सासऱ्यानं आनलेला दगड काळा केला अन् सुनंच्या कपाळाला सोमल लावाया निघाले. लावला असता तं मुद्दाम नाय लावला, हे कोन मानलं असतं? सांग ना इंदे, कोन?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण मामांजी माझ्यावरून पलीकडे, मोरीकडे बघत होते.

“मी मानलं असतं, गया,” ते म्हणाले.